संप मुंबईत, चूल रत्नागिरीत

१९२८ सालच्या एप्रिलअखेरीस मुंबईतल्या जवळपास सगळ्या कापड गिरण्या बंद पडल्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत ते कामावर परतले नाहीत. त्या काळी बेकारभत्ता नव्हता, रेशनचं दुकान नव्हतं, संघटनेच्या तिजोरीत म्हणावा असा पैसा नव्हता. इंग्लंडमधून आणि सोविएत रशियातल्या कामगारांकडून थोडी मदत आली, संप समितीने धान्य वाटलं, पण एवढ्या तोंडांना ते कुठवर पुरणार? ज्याच्या गाठीला आठवड्याचीही शिल्लक नाही असा माणूस पाच-सहा महिने बिनपगारी तगला कसा, हा प्रश्न गिरणी संपांच्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचं निम्मं उत्तर परळ-लालबागेत सापडतं. उरलेलं निम्मं शोधायला रत्नागिरीला यावं लागतं.

१९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. हा जिल्हा तेव्हा मोठा होता. मालवण, देवगड, कणकवली त्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. तरीही एका जिल्ह्याने एका उद्योगाला इतकी माणसं पुरवावीत हे थक्क करणारं आहे. पुढे घाटावरून, उत्तर हिंदुस्थानातून माणसं येत गेली तसं हे प्रमाण घटलं. पण गिरणगावाची बोली, सण, भजनी मंडळं आणि शक्ती-तुऱ्याचे सामने यांवर कोकणाचा ठसा कायम राहिला.

माणसं निघाली ती हौसेने नव्हे. डोंगरउताराची वरकस जमीन, त्यात नाचणी-वरी. सखल भागात गडगे घालून राखलेले भाताचे तुकडे. त्यावर खोत बसलेला. सरकारचा सारा गोळा करायचा हक्क खोताकडे, आणि त्यापोटी कुळाकडून पिकाचा तिसरा, बऱ्याच ठिकाणी निम्मा हिस्सा त्याच्या घरी जायचा. वर वेठ होतीच. घरचं भात वर्षभर पुरायचं नाही आणि खोताचं देणं रोख पैशाशिवाय फिटायचं नाही. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत अशा डझनांनी उभ्या राहिल्या, तेव्हा कोकणी कुटुंबाने आपले दोन भाग केले. पुरुष मुंबईला चाकरीला, बायको, म्हातारे आणि मुलं गावी. चाकरमानी हा शब्द तिथूनच घराघरांत रुळला.

हे दोन भाग वेगळे राहत असले तरी संसार एकच होता. मनीऑर्डर इकडे यायची. तांदूळ, कुळीथ, कोकम तिकडे जायचं. आजारी पडलेला, अपघातात हात गमावलेला, वयामुळे नजर गेलेला कामगार गावीच परतायचा. गिरणीने ना निवृत्तिवेतन दिलं होतं ना दवाखाना. कामगाराचं बालपण, आजारपण आणि म्हातारपण रत्नागिरीच्या शेताने पोसलं, आणि गिरणीने फक्त त्याच्या उमेदीच्या वर्षांचा, तोही जेमतेम, पगार दिला. मुंबईचं कापड स्वस्त पडत होतं त्याचं एक कारण हे आहे, आणि त्याचा हिशेब कोणत्याही गिरणीच्या ताळेबंदात नाही.

गिरणीमालकांची तक्रार मात्र उलटी होती. हा कामगार खेडवळ आहे, शिमग्याला, गणपतीला, लावणीला उठतो नि गावी जातो, गिरणीत त्याचं मन नाही, असं ते चौकशी समित्यांपुढे सांगत. काही पुढाऱ्यांनाही वाटे की गावाशी नाळ तुटल्याशिवाय खरा कामगारवर्ग घडायचा नाही. मुंबईच्या कामगारांचा बारकाईने अभ्यास करणारे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी या समजाला छेद दिला. ज्यांचे गावाशी धागे घट्ट होते तेच कामगार लांबलचक संपात टिकून राहू शकले, असं त्यांनी दाखवलं. १९२८ च्या तारखा पाहिल्या की हे पटतं. संप सुरू झाला तेव्हा वैशाख तोंडावर होता. मे महिन्यात चाकरमानी एरवीही गावी येतोच. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याची बोट बंद व्हायची, म्हणून ज्यांना जायचं होतं ते आधीच निघाले. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, मग बेणणी. बाईमाणसांच्या आणि म्हाताऱ्यांच्या जिवावर चालणाऱ्या शेतीला त्या वर्षी पुरुषांचे हात मिळाले. भात कापणीला आलं तेव्हा गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजायला लागले होते.

पण सगळे गावी गेले नाहीत. गेले असते तर संप कोणी चालवला असता? मुंबईत राहिलेल्यांना दोन गोष्टींनी तारलं: गावकीची खोली आणि खाणावळ.

गावकीची खोली म्हणजे एका गावच्या, बहुधा एका वाडीच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली चाळीतली एक खोली. तिच्यात दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त माणसांचा मुक्काम. भिंतीला प्रत्येकाची खुंटी ठरलेली, खाली प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, कोपऱ्यात वळकट्या. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्याच जागी रातपाळीवाला आडवा व्हायचा. भाड्याचा हिस्सा, दिव्याचं तेल, पाण्याची पाळी यांचे नियम असत आणि एखादा जाणता माणूस वही ठेवी. गावाहून नवा पोरगा आला की काम लागेपर्यंत त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाही, हा बहुतेक खोल्यांचा अलिखित रिवाज. गावात शाळा बांधणारी, देवळाचा जीर्णोद्धार करणारी मुंबईकर मंडळं याच खोल्यांत जन्मली. जी माणसं देवळाच्या वर्गणीसाठी एकत्र बसू शकत होती ती संपासाठीही बसू शकत होती. संपात फुटून गिरणीत शिरायचं तर आधी या खोलीचा उंबरा ओलांडावा लागे. तिथे डोळे चुकवले तरी बातमी पुढच्या डाकेने गावी पोचणार, आणि गावात आई-बापाला, बायकोला तोंड दाखवायचं होतं. संघटनेच्या कोणत्याही ठरावापेक्षा हा धाक मोठा होता. त्याला दुसरी बाजूही होती, तिच्याकडे पुढे येतो.

खाणावळ चालवायची ती बाई. बहुतेकदा कोणा कामगाराची बायको किंवा विधवा. पहाटे भोंग्याच्या आधी भाकऱ्या थापायला बसायची आणि स्वतःच्या खोलीतच वीस-पंचवीस जणांना दोन वेळा जेवू घालायची. पैसे मिळायचे पगाराच्या दिवशी. गिरण्यांचा पगार महिना उलटून गेल्यावर, रखडत रखडत व्हायचा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं, त्यातली एक मागणी होती की मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी मिळावा. तोवर उधारीचं ओझं कोण वाहायचं? वाणी आणि खाणावळवाली. संप झाला की ती उधारी लांबायची. खाणावळवाली आपले डाग वाण्याकडे गहाण टाकायची नि जेवण चालू ठेवायची. माणुसकी त्यात होतीच, आणि मागची थकबाकी वसूल व्हायची तर माणूस मुंबईत टिकायला हवा हे गणितही. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशाच चौदा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. संपाला शंभर वर्षं पोसणाऱ्या या बाईकडे कामगार चळवळीतून कोणीतरी वळून पाहायला इतका काळ जावा लागला, याची मला चळवळीच्या वतीने खंत वाटते.

लोखंड्यांच्या त्या निवेदनातली रविवारच्या सुट्टीची मागणी १८९० साली मान्य झाली. १९०८ मध्ये टिळकांना, म्हणजे रत्नागिरीतच जन्मलेल्या माणसाला, सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं आणि लष्कराच्या गोळ्या खाल्ल्या. पण तोवर टिकाऊ संघटना अशी नव्हती. संप खात्याखात्यातून उसळायचा. माणसं कामावर लावायची ती जॉबरने, तोच गावाहून पोरं आणायचा, दस्तुरी घ्यायचा, अडीनडीला पैसे द्यायचा. एखादा जॉबर मालकाशी बिनसलं की आपलं अख्खं खातं बाहेर काढी, आणि दुसऱ्या वेळी तोच बदली माणसं आणून संप मोडी.

१९२८ ने हे बदललं. मालकांना एका विणकराकडून दोन साच्यांऐवजी, म्हणजे मागांऐवजी, तीन चालवून घ्यायचे होते. माणसं कमी, काम जास्त, आणि दर उतरवलेले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लोकांच्या तोंडचा लाल बावटा, स्थापन झाली. श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ही शिकलेली मंडळी सर्वांना माहीत असतात. युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे मात्र स्वतः गिरणी कामगार होते. नेमस्त कामगार पुढारी ना. म. जोशीही संयुक्त संप समितीत होते. युनियनने गिरणीगणिक समित्या नेमल्या. खात्यातला तंटा जॉबरच्या मर्जीवर न सोडता समितीने हाती घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. वर्षअखेरीस युनियनचे सभासद पन्नास हजारांवर गेले होते. मार्च १९२९ मध्ये सरकारने मीरत कटाच्या खटल्यात बिनीचे पुढारी उचलले ते या बांधणीला घाबरूनच.

आता ती दुसरी बाजू. गावकीची खोली गावाइतकीच जातीने बांधलेली होती. खोली एका गावाची म्हणजे बहुधा एका जातीचीही. गिरणीत विणकरांना सगळ्यात चांगली कमाई, पण साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि त्याची उष्टी कांडी सवर्णांना चालत नसे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न रोखठोक विचारला: ज्या खात्यात माझ्या माणसांना पाय ठेवता येत नाही, त्या खात्याच्या दरांसाठी त्यांनी उपाशी का राहावं? समितीला ही मागणी नाखुशीनेच आपल्या यादीत घ्यावी लागली. ज्या एकीच्या बळावर संप टिकला त्याच एकीने काही कामगारांना दाराबाहेर ठेवलं होतं, हे विसरून गिरणगावाचे गोडवे गाता येत नाहीत.

बाबासाहेबांनीच पुढे गिरणी आणि खोती यांची गाठ उघड करून दाखवली. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळं मुंबईत मोर्चाने आली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्टांनी एकत्र संप केला. गावी जो खोताचं कूळ होता तोच, किंवा त्याचा भाऊ, मुंबईत साच्यावर उभा होता. खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये.

इथे थोडं बाहेर, चीनकडे पाहू. तिथे आज कोट्यवधी माणसं गाव सोडून कारखान्यांत, बांधकामांवर राबतात. हुकोऊ नावाच्या घरनोंदणीमुळे त्यांचं नाव गावच्या दप्तरी राहतं. शहरात मुलांची शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन यांत त्यांना डावललं जातं. म्हणजे म्हातारपण गावाने पोसायचं, हे रत्नागिरीचंच गणित, अवाढव्य प्रमाणावर. पण राहण्याची तऱ्हा वेगळी. तिथल्या कारखान्यांतला कामगार पुष्कळदा कंपनीच्या वसतिगृहात राहतो. २०१० मध्ये तरुण कामगारांच्या आत्महत्यांमुळे जगभर बोभाटा झालेल्या शेन्झेनच्या फॉक्सकॉनमध्ये एका खोलीत वेगवेगळ्या प्रांतांतली, वेगवेगळ्या पाळ्यांची मुलं टाकलेली असत. शेजारच्या खाटेवरच्याचं नावही ठाऊक नाही. गावकीच्या खोलीच्या नेमकं उलट.

तरीही संप होतात. त्याच वर्षी मे महिन्यात फोशानच्या नानहाई भागातल्या होंडाच्या गिअरबॉक्स कारखान्यात सुमारे अठराशे कामगारांनी काम थांबवलं. त्यांत शिकाऊ पोरं बरीच होती. गाववाल्यांची खोली नव्हती. मोबाइलवरच्या गटांतून निरोप फिरले. सुटे भाग न मिळाल्याने होंडाचे चीनमधले मोटार जुळणीचे कारखाने ठप्प झाले आणि पगार चांगलेच वाढले. तिथल्या अधिकृत युनियनची माणसं मात्र संपकऱ्यांशीच झटापट करायला आली. चीनमध्ये सरकारमान्य महासंघाखेरीज दुसरी युनियन काढता येत नाही. संपाचं स्वातंत्र्य राज्यघटनेत होतं, ते १९८२ साली काढून टाकण्यात आलं.

१९८२ हे साल आपल्यालाही विसरता येत नाही. एकच अधिकृत युनियन हे दुखणंही आपल्या ओळखीचं आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला प्रतिनिधी मानलं आणि कापड धंद्यात ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली. तो नको म्हणणाऱ्या कामगारांना आपला माणूस वाटाघाटीला बसवता येत नव्हता. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तेव्हा पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं यांबरोबर हा कायदा रद्द करण्याचीही मागणी होती. सामंत मालवणजवळच्या देवबागचे, म्हणजे जन्मले तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि घाटकोपरला दवाखाना चालवणारे.

कामगारांनी जुनाच मार्ग धरला. ट्रंका भरल्या, एसटी पकडली आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूरची गावं गाठली. चुकलं ते इथेच, आणि त्यात दोष कामगारांचा नव्हता. १९२८ मध्ये गिरणी बंद म्हणजे मालकाचा तोटा. १९८२ पर्यंत भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग तेच कापड स्वस्तात विणत होते आणि गिरण्यांची गोदामं न खपलेल्या मालाने भरली होती. बऱ्याच मालकांना संप घाईने मिटवण्याची गरजच उरली नव्हती. गाव ज्या सोशिकपणाने संप पोसत होतं, तो सोशिकपणा आता मालकांच्या पथ्यावर पडला. इकडे शेतही पूर्वीचं राहिलं नव्हतं. भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे पडलेले, तरुण हात मुंबईत, आणि मनीऑर्डरच बंद झालेली. घरच्या बाईने लावणी केली, दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, रोजगार हमीवर खडी फोडली. संपाच्या कथांत मोर्चे येतात, भाषणं येतात. या बाईचे वर्ष-दोन वर्षांचे काबाडकष्ट क्वचितच येतात, आणि माझ्या मते सगळ्यात लांब संप तिनेच केला.

ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. लाखभर कामगार पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. संप मागे घेतल्याची घोषणाही कधी झाली नाही. १९८४ मध्ये सामंत लोकसभेवर निवडून गेले. १९९७ मध्ये त्यांचा खून झाला.

त्यानंतर लढा पगारावरून जागेवर आला. गिरण्यांच्या जमिनी विकायला निघाल्या तेव्हा बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आणि तिचे दत्ता इस्वलकर यांनी त्या जमिनीवर कामगारांची घरं मागितली, आणि २०१२ मध्ये म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा द्यायचा होता. तिकीट नंबर, हजेरीचं कार्ड, रजेचा पास, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विम्याचा क्रमांक. रत्नागिरीच्या खेड्यांतून ट्रंका उघडल्या गेल्या आणि एकूण दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. सोडतींत घर लागलेले त्यांच्या मानाने थोडेच. अर्जदारांतले पुष्कळजण वाट पाहता पाहता वारले, आता वारस खेटे घालताहेत.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे सुमारे ११२२ बायका होत्या आणि दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली होती. चाकरमानी अजून जातोच आहे. पण आता रत्नागिरीत परगावचा कामगार येतोही. हापूसच्या बागांत दिवाळीच्या सुमारास नेपाळहून कुटुंबं येतात, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, राहतात, वानरं हाकतात, फवारणी करतात, आंबा काढतात, पेट्या भरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मिरकरवाडा बंदरात बोटींवरचे बरेच खलाशीही नेपाळी किंवा परप्रांतीय. मुकादमामार्फत भरती, आगाऊ उचल, हंगामाअखेर हिशेब. शंभर वर्षांपूर्वीच्या रत्नागिरीच्या माणसाला यातलं काहीच नवं वाटलं नसतं.

फरक आहे तो मांगर आणि चाळ यांत. एका बागेत चार माणसं, पुढची चार पलीकडच्या डोंगरावर. खोली नाही, खाणावळ नाही, भरलेला नाका नाही. त्यामुळे गाऱ्हाणं मांडायची त्यांची एकच रीत उरते, ती म्हणजे हंगाम अर्ध्यात टाकून निघून जाणं. बागायतदार त्याला उचल बुडवून पळाले म्हणतात. कधीकधी तसंही असेल. पण एवढ्या लांबून आलेलं कुटुंब हाताशी आलेल्या हिशेबावर पाणी सोडून का निघालं, हेही विचारायला हवं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये झालेला कायदा एका राज्यात भरती होऊन दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता; नेपाळात भरती झालेला माणूस त्यात बसतच नव्हता. बागेत माणसं आली की मालकाने त्यांची नावं आणि ओळखपत्रं पोलीस ठाण्यात द्यायची असतात. म्हणजे कोण आलं आहे याची नोंद आपल्याकडे होते. मजुरी किती ठरली, उचल किती दिली, किती दिवस काम झालं, याची नोंद मात्र बागमालकाच्या किंवा मुकादमाच्या वहीतच राहते, आणि त्या वहीची प्रत कामगाराला मिळत नाही.